बावीस फूट आतडं

नारायणगुडा, हैदराबाद
९ जून १९५७

एकनाथा,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचा की परत करायचा ते तू ठरव, टपालखातं दोन्ही कामं करतं.

जानेवारीपासून तुझं साधं कार्ड नाही. लहानपणी रुसलास की कणगीमागं जाऊन बसायचास, आता औरंगाबादला जाऊन बसलायस. तेव्हा मी गूळ-शेंगदाणे दाखवून तुला बाहेर काढत होते. आता तीस वर्षांच्या, महसूल खात्यातल्या कारकुनाला काय दाखवू?

तर हे पत्र सहज आहे. झालंय असं की दवाखान्यात नर्सिंग शिकायला नव्या मुली आल्यात आणि पोटाचा धडा माझ्या गळ्यात पडलाय. मी शिकले उर्दूत. मेदा, जिगर, लबलबा. पुस्तक आलंय इंग्रजीत. मुली अर्ध्या तेलुगू, अर्ध्या आपल्या परभणी-नांदेडकडच्या. आपल्या मुलींना आपल्या भाषेत सांगावं म्हटलं तर जठर, यकृत, स्वादुपिंड हे शब्द माझ्याच तोंडात बसत नाहीत. म्हणून ठरवलं, एकनाथावर सराव करावा. तो उत्तर देत नाही, म्हणजे मध्येही बोलणार नाही.

तर ऐक. घास गिळला की तो खाली पडतो असं आपल्याला वाटतं. पडत नाही. अन्ननलिका त्याला धरते, मागून आवळते आणि पुढं ढकलते. माणसाला उलटं टांगून पाणी पाजलं तरी ते जठरात पोचतं. वर्गात हे सांगितलं तर एक पोरगी म्हणते, "सिस्टर, एकदा टांगून दाखवा ना." असल्या आगाऊ पोरी आहेत.

मग जठर. पोट दुखतं म्हणून आपण बेंबीवर हात ठेवतो, पण जठर तिथं नसतंच. ते वर, डावीकडं, बरगड्यांच्या आडोशाला असतं. त्यात तेजाब सुटतं. खरंखुरं तेजाब, हाताला लागलं तर कातडी चरचरेल. आणि ते पोटात धरून बसलेलं जठर स्वतः मात्र विरघळत नाही! आतून बुळबुळीत अस्तर असतं आणि ते झिजलं की नवं येतं, सारखं येत राहतं. एकोणीस वर्षं झाली मला या कामाला, पण त्या अस्तरापुढं अजून हात जोडावेसे वाटतात बघ.

कधीकधी अस्तर हरतं. मग तिथं व्रण पडतो, जठरात किंवा त्याच्या पुढच्या वळणावर. उगाच माहिती म्हणून सांगते. उपाशीपोटी वरच्या पोटात जळायला लागलं, खाल्लं की थांबलं, असं कुणाचं होत असेल तर त्यानं खायच्या सोड्याच्या फक्क्या मारत बसू नये. भाकरीवर ठेचा घेऊ नये. दर दोन तासांनी दूध घ्यावं आणि मुकाट्यानं दवाखाना गाठावा. तुझ्या ओळखीत असं कुणी असलं तर सांग त्याला. तुझं पोट ठणठणीत असणार, त्याची मला काळजी नाही.

भामाला म्हणावं, सहावा लागलाय, आता घागरी उचलू नकोस.

तुझी आक्का

*

३० जून १९५७

एकनाथा,

चुकलेच मी. पाच महिने ज्याचं पत्र नाही त्याच्या बायकोला सहावा लागलाय हे मला कसं कळलं, हे तू बरोबर पकडलंस. कारकून तो कारकूनच.

हौ, भामा लिहिते मला. मार्चपासून लिहिते. तिला एक शब्द बोललास तर याद राख. "माझं पोट माझ्यापाशी, भामाला पत्रं टाकणं बंद कर," एवढंच लिहिलंस तू. पाच महिन्यांनी दोन ओळी, त्याही साहेबानं शिपायाला लिहाव्यात तशा. पण लिहिल्यास, मला तेवढं पुरलं.

आता सोंग पुरे. मला सगळं ठाऊक आहे. दुपारी खाल्लेली भाकरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जशीच्या तशी उलटून पडते. परसात जाऊन, घशात बोट घालून तू पोट मोकळं करतोस आणि भामाला सांगतोस की हात धुवायला गेलो होतो. सदरे तुझ्या अंगावर लोंबतायत. तिथल्या दवाखान्यात पांढरं खडूसारखं पाणी पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "अर्धं पोट कापून टाकल्यावर माणूस जगायचा कसा?" आणि फोटो कपाटावर टाकून दिलास.

काय करायलास तू एकनाथा? उपासानं मरायलास, आणि तेही बायकोनं भरलेलं ताट पुढं ठेवलेलं असताना!

आता माझं ऐक, मग हवं तर पत्र फाड. जठराच्या खालच्या टोकाला एक दार असतं. जठर अन्न घुसळघुसळ घुसळतं, त्याची पातळ पेज करतं आणि ते दार त्यातली चमचाभर पेज पुढं सोडतं. जाडंभरडं आलं की परत फिरवतं. पुढं जागा नसली तर मिटून बसतं. दिवसभर असं कुणी न सांगता चालू असतं. तुझं ते दार व्रणामुळं आक्रसलंय. अन्न पुढं जायला वाटच राहिली नाही. दूध आणि सोडा त्यावर आता काही करू शकत नाहीत, तो काळ तू कपाटावर घालवलास.

आणि अर्ध्या पोटाचं म्हणशील तर, पचवायचं खरं काम जठराचं नाहीच. जठर साठवतं, घुसळतं, थोडीफार सुरुवात करून देतं. खरं काम लहान आतड्याचं. बावीस फूट! आपल्या घराच्या उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जाऊन परत येईल एवढं, आणि राहतं कुठं, तर तुझ्या पट्ट्याच्या आत. नुसतं कोंबलेलं नाही. एका पातळ पडद्यावर चुणी घातल्यासारखं बसवलंय, म्हणून गाठ पडत नाही. आतून मखमल. त्या मखमलीच्या एकेका लवेत रक्ताची बारीक नळी आहे. वरून यकृताचं पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, आणि भाकरीची साखर, डाळीचं सत्त्व, तेलाची चरबी होऊन ती लवेलवेतून रक्तात उतरते. शेवटी मोठं आतडं पाणी परत घेतं. दिवसाला आठ-नऊ शेर रस आपलं शरीर आत ओततं आणि त्यातला जवळजवळ थेंब न थेंब परत काढून घेतं. सांग, इतकं नीट चाललेलं खातं तू कुठं पाहिलंयस?

तेव्हा व्रणाचा भाग काढायचा आणि उरलेल्या जठराला आतड्याचा वळसा वर आणून जोडून द्यायचा. आतडं दोन-चार महिन्यांत शिकून घेतं. एका वेळी पोटभर जेवता येणार नाही, सहा वेळा थोडं थोडं खावं लागेल. पंगतीत पोट न बघता जेवायचास, ते आता बंद.

मी डॉक्टर मुर्तुझांशी बोलले. तुला माहीत आहेत, आमचे सर्जन, मी त्यांच्याच थिएटरची सिस्टर आहे. ते म्हणाले, "सिस्टर, भाई कू बुलाव. देर नक्को. तार करो." असल्या ऑपरेशनातली पन्नासाच्या वर मी माझ्या हातानं हत्यारं देऊन पाहिलीत. ये बाबा. रुसवा काचीगुड्याच्या स्टेशनावर सामानाबरोबर ठेव, जाताना परत घेऊन जा.

आक्का

*

२१ जुलै १९५७

एकनाथ,

तुझं कार्ड आलं. उघडं कार्ड! पोस्टमननं वाचलं, खालच्या पार्वतीबाईनं वाचलं, मग मला मिळालं. "तू हैदराबादला का राहिलीस ते खरं लिही. इथं लोक म्हणतात, त्या डॉक्टरसाठी राहिली. खरं लिहिलंस तर येईन. नाहीतर येणार नाही."

दोन दिवस मी तुला इतक्या शिव्या घातल्या की तुझे कान पेटले असतील. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून मी माहेरी आले. बाबांनी मला नर्सिंगला घातलं तर गावानं तोंडं फिरवली. आई गेल्यावर तुला अकरा वर्षांचा उचलून इथं आणला, वाढवला, शिकवला. आणि लोक म्हणतात म्हणून तू मला विचारतोस? डॉक्टर मुर्तुझांना चार नातवंडं आहेत आणि थिएटरात टाका उशिरा दिला तर ते माझ्यावर खेकसतात. लाज वाटू दे जरा.

तिसऱ्या दिवशी राग उतरला. मग कळलं, राग कशाचा होता. लोक खोटं बोलतात, पण तू जे विचारलंस ते बरोबरच विचारलंस. आणि भामानं लिहिलंय की आता दूधही तुझ्या पोटात राहत नाही. माझ्या अब्रूला जपत बसायला वेळ नाही.

खरं लिहिते.

मागच्या वर्षी मे महिन्यात, भाषेवार राज्यं होऊन हैदराबाद तुटणार म्हणून, सरकारी नोकरांनी कुठल्या राज्यात जाणार ते लिहून द्यायचे फॉर्म आले. तुला जायचंच नव्हतं. तुझे दोस्त इथं, कोठी भागातली तुझी जुन्या पुस्तकांची दुकानं इथं. मीच तुझ्या मागं लागले, "अरे, आपल्या भाषेत कारभार होणार, तुला तेलुगू येत नाही, इथं राहिलास तर जन्मभर त्याच टेबलावर बसशील. आपण दोघं जाऊ." तू म्हणालास, "तू येत असशील तर येतो." तुझे हेच शब्द होते. आपण दोघांनी फॉर्म भरले, दोन्हींत मुंबई राज्य लिहिलं, आणि घरातले सगळे कागद मीच नेऊन देते म्हणून ते दोन्ही मी माझ्या पिशवीत घातले.

ते द्यायचे त्याच सकाळी थिएटरात एक बाई आणली. सुलतान बाजारात गजरे विकणारी सखूबाई. आतड्याला पीळ पडलेला. माझा तो थिएटरातला दुसराच आठवडा, तोवर मी वॉर्डातच होते. पोट उघडलं तर आतड्याचा हातभर वळसा निळा-काळा पडलेला. मेल्यासारखा. मला वाटलं, आता हा कापून टाकणार. डॉक्टरांनी पीळ सोडवला, वळसा बाहेर घेतला आणि मला म्हणाले, "गरम पानी का टॉवेल." कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल मी दिला. त्यांनी तो वळशावर गुंडाळला आणि हात बांधून उभे राहिले. सगळे उभे. घड्याळात दहा मिनिटं.

मग त्यांनी टॉवेल काढला. एकनाथ, निळं गेलं होतं. कडेनं गुलाबी चढत होतं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मग त्या वळशावरून एक लाट गेली. कुणी हात लावला नव्हता. बाई बेशुद्ध होती, तिला स्वतःचं नाव सांगता आलं नसतं, आणि आतडं आपलं उठून कामाला लागलं होतं. एक लाट गेली, थांबली, दुसरी निघाली. डॉक्टर म्हणाले, "वा!" मला रडू आलं, तोंडावर फडकं होतं म्हणून दिसलं नाही.

तोवर मी अठरा वर्षं बेडपॅन काढले होते, सलाइन लावली होती, मेलेल्यांची तोंडं झाकली होती. कर्तव्य म्हणून केलं, पोटासाठी केलं. हे मला हवं आहे असं जन्मात पहिल्यांदा मला त्या दिवशी वाटलं. तिकडं औरंगाबादला मला परत वॉर्डच मिळणार होता, थिएटर नाही, हे मला ठाऊक होतं.

दुपारी फॉर्म द्यायला गेले. तुझा दिला. माझा खिडकीवर उभ्या उभ्या खोडला आणि वर हैदराबाद लिहिलं. आणि तुला सांगितलं, सरकारनं मला सोडलं नाही.

तुझा का नाही खोडला, असं विचारशील. दोन्ही खोडता आले असते. पण तू सही करून माझ्या हातात दिला होतास, आणि माझ्या मनात असंही होतं की तुझं तिकडं भलं होईल. असंही होतं की तू राहिलास तर मला तुला कारण सांगावं लागेल. दोन्ही खरं आहे. जानेवारीत तुमच्या कचेरीत बदलून आलेल्या दत्तोबानं तुला सांगितलं की आक्काच्या फॉर्मवर तिच्याच हाताची खाडाखोड आहे (हेही भामानंच कळवलं), तेव्हा तुझं काय झालं असेल ते मी मनात आणूच देत नव्हते. मी तुला गाडीत बसवलं आणि स्वतः उतरले. कुठल्या पुरुषासाठी नाही. एका गजरेवालीच्या आतड्यासाठी. लोकांना हे सांगितलंस तर हसतील, तूही हसशील.

हेच खरं आहे. याहून दुसरं माझ्यापाशी नाही. आता तू शब्द पाळ.

आक्का

*

३ ऑगस्ट १९५७

एकनाथ,

तुझी तार मिळाली. "आठला निघतो", बस्स. पुरे आहे.

डब्यात दारापाशी बस, खिडकीतून ओकता येईल. सोबत दुधाची बाटली घे, राहिलं तर राहिलं. तो फोटो कपाटावरून काढून गुंडाळी करून आण, दुमडू नकोस, भेग पडते. भामानं यायचं नाही, आठवा महिना आहे, तिच्या आईला बोलावून घे. मी काचीगुड्याला टांगा घेऊन उभी असेन.

माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी काही विचारणार नाही. फक्त ये.

आक्का

*

दवाखान्यातून
१९ ऑगस्ट १९५७

चि. सौ. भामा,

तार मिळालीच असेल. तारेत "ठीक" एवढंच लिहिता येतं, म्हणून आता सविस्तर लिहिते. पाय वर घेऊन बस आणि मग वाच.

गाडीतून उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. कोट चालत आला असं वाटलं. माझ्याकडं बघितलं, वाकून नमस्कार केला आणि टांग्यात बसला. शब्द नाही. माझं पत्र मिळालं का, वाचलं का, काही नाही. चार दिवस सलाइन देऊन अंगात पाणी भरलं, त्या चार दिवसांतही नाही. काही हवं असलं की आमच्या गंगू आयाला सांगायचा, "सिस्टरना म्हणावं, उशी हवी." सिस्टर मी, तीन हातांवर उभी! गंगू मला येऊन सांगायची, "सिस्टर, त्यांना उशी होना." मी उशी द्यायची. गंगू वैतागली, म्हणाली, "तुमचे भाई है ना जी? मेरे कू कायकू बीच में दौडाते?"

मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, माझ्या भावाच्या ऑपरेशनला हत्यारं मी देणार. ते म्हणाले, "नक्को." मी म्हटलं, माझा हात कापत नाही. "कांपता नै, मालूम. फिर भी नक्को." माझ्या जागी दुसरी सिस्टर, सावित्रीबाई, उभी राहिली. आणि मी दाराबाहेर, नातेवाइकांच्या बाकावर. भामा, ज्यांना मी वर्षभर "इथं बसा, आत येऊ नका" म्हणत आले त्यांच्यात जाऊन बसले. त्या थिएटरसाठी मी त्याला सोडलं, आणि तो आत होता नि मी बाहेर. अडीच तास. देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

सावित्रीबाईनं मग सांगितलं ते ऐक. पोटात आतड्यांच्या पुढं चरबीचा एक पदर लोंबत असतो. पातळ, पिवळसर, मोकळा. जिथं काही दुखतंखुपतं तिथं तो आपण होऊन सरकत जातो आणि चिकटून बसतो. एकनाथाच्या पोटात तो पदर वर जाऊन व्रणाला गच्च चिकटला होता. खाली भिंत कागदाएवढी राहिली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, दहा-पंधरा दिवसांत फुटला असता. इतके दिवस त्याला त्या पदरानं धरून ठेवलं. कुणी पाठवलं त्याला तिथं? मी वीस वर्षं शिकतेय नि शिकवतेय, मला याचं उत्तर देता येत नाही.

ऑपरेशन झकास झालं. पण नंतरचेच दिवस कठीण असतात. आतड्याला हात लागला की ते गप्प होतं. ढकलणं बंद, आवाज बंद. जोड धरला की नाही, आतडं परत चालणार की नाही, हे कुणी सांगू शकत नाही, यंत्रानंही दिसत नाही. नाकातून नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि वाट बघायची. एकच खूण असते. वारा सरायला हवा. हसू नकोस. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, इतके शिकलेसवरलेले डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन त्याच्यासाठी कान देऊन उभे राहतात.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मी रजा टाकून त्याच्याच वॉर्डात होते. तासातासाला कानातली तपासायची नळी पोटावर ठेवून ऐकायची. सामसूम. तिसऱ्या दिवशी पोट जरा फुगल्यासारखं वाटलं. डॉक्टरसाहेबांनी बोटानं ठोकून बघितलं, मला त्यांच्याकडं बघवेना. एकनाथ भिंतीकडं तोंड करून पडलेला. नेमाप्रमाणं विचारावं लागतं म्हणून गंगूला पाठवायची, "वारा सरला का विचार." ती विचारायची. तो मान हलवायचा, नाही.

काल चौथा दिवस. सकाळी गंगू खाली चहाला गेली होती. मी दोन खाटा सोडून एका म्हाताऱ्याचं अंथरूण बदलत होते, त्याच्याकडं पाठ करून. मागून आवाज आला. बारीक, घोगरा, नळीमुळं नाकात बोलल्यासारखा.

"आक्का."

मी वळलेच नाही. वाटलं, भास झाला.

"आक्का, वारा सरला."

मी गेले, तपासायची नळी पोटावर लावली. आत आवाज! एक गुरगुर, थांबून दुसरी, मग ओळीनं. तो म्हणाला, "पत्र वाचलंय मी. तशीच लाट जायलीय का?" मी म्हटलं, जायलीय. म्हणाला, "मग बरं झालं, तू इथं राहिलीस."

तक्त्यावर वेळ लिहिली, आठ वाजून वीस मिनिटं, आणि व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले. तेवढ्यात डॉक्टरसाहेब जिना चढून आले. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "क्या हुआ सिस्टर? नै चला?"

म्हटलं, "चला साब. आतडं चललं."

"तो फिर रोते कायकू?"

मी म्हटलं, "साब, माझा भाऊ माझ्याशी बोलला."

आक्का